पळसाच्या पानांवरचे वाटे

आमच्या भावकीत देवाचा बोकड कापला की मटणाचे वाटे घालतात, दर चुलीला एक. यंदा काकांनी मांडलेली पळसाची पानं अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत गेली. चुली वाढतच जातात, बोकड तेवढाच राहतो.

"पुरंल का काका?" मी विचारलं.

"पुरवायचं," म्हणत त्यांनी एका वाट्यातला तुकडा काढून पुढच्या पानावर ठेवला. तरी शेवटची पानं रिकामीच राहिली. जगभरही चुली अशाच वाढत असतील आणि शेवटची पानं अशीच रिकामी राहत असतील, असं मनात आलं.

"दुसरं जनावर धरा की," गर्दीतून कुणी म्हणालं. सगळ्यांच्या माना एकदम गोठ्याकडे वळल्या. गोठ्यात फक्त गाभण शेळी होती. कुणीच नजर काढून घेतली नाही.

मीसुद्धा नाही.