खाली टांगलेला चौथा पाळणा

बाळांनो, मागच्या सुट्टीत तुम्ही तिकडच्या थीम पार्कमध्ये गेला होतात, तेव्हा पाळण्यांचे फोटो थोडे आणि जमिनीचे, भिंतींचे फोटोच जास्त पाठवलेत. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना पायाखालच्या फरशीचा रंग हळूच बदलतो, आणि घरांचे वरचे मजले मुद्दाम लहान बांधलेले असतात म्हणजे घर उंच भासतं, असं तुम्ही लिहिलं होतं. खाली एक वाक्य होतं: "आजी, हे कुणी बघत नाही, पण सगळ्यांना जाणवतं." मी तेव्हा नुसतं "छान" असं उत्तर पाठवलं. ते अपुरं होतं. हे त्याचं खरं उत्तर.

माझं माहेर नेकनूरच्या अलीकडे, हे तुम्हाला माहीत आहे. तिथली जत्रा चैत्रात भरते. यंदा मी आठ दिवस आधीच अंबाजोगाईहून एसटीनं गेले, कारण माझा धाकटा भाऊ जत्रा कमिटीत आहे आणि त्यानं फोनवर सांगितलं होतं, "आक्का, एक लिखापढीचं काम आहे, ते तुझ्याशिवाय व्हायचं नाही."

काम असं होतं. जत्रेत आता दोन पाळणे येतात. एक विजेवरचा, उंच, दिव्यांचा. दुसरा लाकडी, हातानं फिरवायचा, मी परकरात असल्यापासूनचा. दोन उभे खांब, मध्ये जाड आस, आसेवर फुलीसारखे दांडे आणि दांड्यांच्या टोकांना लोखंडी गजांनी टांगलेले चार पाळणे. तो आष्टीकडच्या एका कुटुंबाचा आहे. आता तो चालवते ती बाई साधारण माझ्याच वयाची. गावात सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिचे दोन मुलगे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात आणि मग गावोगावच्या जत्रांतून हा पाळणा फिरवतात. पूर्वी तो बैलगाडीतून यायचा, आता ट्रॅक्टरमधून येतो.

यंदापासून प्रत्येक पाळण्याला परवाना लागणार होता. अर्ज, मापांसह नकाशा, मग इंजिनिअर येऊन तपासणार आणि सही करणार. विजेच्या पाळणेवाल्याकडे छापील फाईल होती. मावशीकडे कागदाचा कपटाही नव्हता. आमच्या जत्रेचा एक जुना रिवाज आहे: ज्याची जागा एक वर्ष रिकामी राहिली, त्याचा त्या जागेवरचा हक्क संपला. लिंबाखालची ती जागा मावशीच्या सासऱ्यापासूनची. परवाना हुकला असता तर ती गेली असती, आणि विजेच्या पाळणेवाल्यानं ती आपल्याला मिळेल का, असं भावाला विचारूनही ठेवलं होतं.

मी टेप, वही आणि फूटपट्टी घेऊन बसले. अर्जात एक रकाना होता, मोटरची क्षमता. तिथे मी "दोन माणसे" असं लिहिलं. भाऊ हसला, पण दुसरं काय लिहिणार?

मापं घेताना मला कितीतरी गोष्टी पहिल्यांदा दिसल्या. चारही पाळण्यांचे रंग वेगळे, ते शोभेसाठी नाहीत. खाली उभ्या असलेल्या आईला आपलं मूल कुठल्या पाळण्यात आहे ते पटकन कळावं म्हणून. आसेच्या टोकाला एक घुंगरू बांधलेलं आहे. मावशी पाठमोरी उभी राहून बायकांशी बोलत असते, पण घुंगराचा आवाज घाईला आला की मागे न बघता म्हणते, "हळू रे." आणि पाळणा असा उभा करतात की बसलेल्या कुणाचे पाय देवळाकडे होत नाहीत. हे मी सगळं वहीत टिपून घेतलं.

चौथा पाळणा, हिरवा, मोजला तेव्हा तो बाकीच्या तिन्हींपेक्षा वीतभर खाली टांगलेला निघाला. मी दोनदा मोजला. वहीत माप बरोबर लिहिलं. पण घरी बसून कोऱ्या कागदावर पक्का नकाशा काढू लागले तेव्हा तो चौथा पाळणा डोळ्यांना खुपायला लागला. तीन सारखे आणि एक लोंबता. मला वाटलं, कारागिराची चूक असेल, गज कापताना मापात फरक पडला असेल. इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासले, चुकलेली ओळ दिसली की हात आपोआप चालतो. मी नकाशात चारही पाळणे सारखे केले. मावशीला विचारलं नाही. नकाशा फार सुबक झाला होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिनिअर आले. तिशीतला मुलगा, पायात बूट, बोलणं नम्र. त्यानं आधी विजेचा पाळणा तपासला, मग आमच्याकडे आला. माझा नकाशा बघून म्हणाला, नकाशा चांगला आहे. मग टेप काढून एकेक पाळणा मोजू लागला. लाल बरोबर. पिवळा बरोबर. निळा बरोबर. हिरव्यापाशी तो थांबला. त्यानं गजाच्या कडीपासून पुन्हा मोजलं, आणि कागद माझ्याकडे करून विचारलं, "मॅडम, हा गज कधी ताणला गेला?"

तो म्हणाला, नकाशात एक माप आणि जागेवर दुसरं, याचा अर्थ लोखंड ताणलं गेलंय, आणि ताणलेल्या गजावर माणसं बसवायला तो सही करू शकत नाही. त्याचं बरोबरच होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही केली नसती.

माझ्या भावाला लगेच उपाय सुचला. लोहार गावातच आहे, तासाभरात गज कापून सारखे करून घेऊ, म्हणजे नकाशाही बरोबर आणि पाळणाही बरोबर. मावशी तोवर बाजूला उभी होती. ती पुढे आली.

"कापायचं न्हाई," ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, "मावशी, वीतभरच तर आहे. त्यानं काय बिघडतंय?"

"वीतभर हाय म्हणूनच तर म्हाताऱ्या बाया चढत्यात त्यात. लुगडं धरून किती उंच पाय टाकावा मान्सानं? अन् पोटुशी लेक माहेरला आली तर ती कुठं बसंल?" मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमी तर बसलावतात की त्यात. तुमाला ठावं न्हाई का?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे बसल्याचं आठवत होतं. तुमच्या आईच्या वेळी मला सातवा महिना होता आणि मी जत्रेला माहेरी आले होते. आमच्याकडे पहिलटकरीण लेक आली की तिला या पाळण्यात बसवतात, आणि तो फिरवत नाहीत. पाच वेळा नुसता झुलवतात आणि उतरवतात. माझी आई बाजूला हात धरून उभी होती. मी किती सहज चढले! साडीची निरीसुद्धा सैल झाली नव्हती. आपण अजून चपळ आहोत असं मला वाटलं होतं. पाळणाच खाली आलेला होता, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही. आणि जेव्हा हातात टेप घेऊन ते दिसलं, तेव्हा मी ते चूक म्हणून खोडून टाकलं.

सगळ्यांसमोर सांगणं जड गेलं, पण सांगितलं. गज ताणलेला नाही, नकाशा मी चुकीचा काढला, मोजलं बरोबर आणि काढलं चूक. पर्समधून वही काढून त्याला दाखवली. हिरव्या पाळण्यासमोर वीतभर जास्तीचं माप माझ्याच अक्षरात होतं, खाली दोन रेघाही मारलेल्या होत्या.

त्यानं वही शांतपणे वाचली. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण लोखंडाला विचारायला पाहिजे."

मला ते आवडलं. त्यानं गज वरपासून खालपर्यंत चिमट्यासारख्या एका हत्यारानं मोजला. लोखंड ताणलं की मध्ये बारीक होत जातं, हा गज तसा झालेला नव्हता. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, यात बसतात त्याच्या दुप्पट वजन ठेवा आणि अर्धा तास थांबा. भावानं घरून ज्वारीची पोती आणवली. मावशीच्या मुलांनी ती हिरव्या पाळण्यात रचली. इंजिनिअरनं गजावर खडूनं खूण केली, माप लिहून घेतलं आणि घड्याळ पाहिलं.

तो अर्धा तास आम्ही लिंबाखाली बसून काढला. चहा आला. मावशीनं चहा घेतला नाही. ती पाळण्याकडे पाठ करून बसली होती. मी तिला म्हटलं, चुकलं माझं, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. ती म्हणाली, शिकलेल्या बायांना विचारायची सवय नसती. रागानं म्हणाली नाही, हवापाणी सांगावं तसं म्हणाली. मग जरा वेळानं तिनंच सांगितलं की यंदा कारखान्यावरून मुलं लवकर आली ती या जत्रेसाठी; थोरला म्हणत होता, जागा गेली तर लाकूड विकून टाकू.

इंजिनिअर उठला. पोती तशीच ठेवून त्यानं गज पुन्हा मोजला, मग पोती उतरवून पुन्हा. खडूची खूण होती तिथंच होती. तो म्हणाला, ठीक आहे, पण मला नवा नकाशा पाहिजे, आत्ता, आणि चौथा पाळणा खाली का आहे त्याचं कारण त्यात लिहिलेलं पाहिजे.

शाळेच्या ओट्यावर बसून मी दुसरा नकाशा काढला. या वेळी मावशीला शेजारी बसवून घेतलं आणि प्रत्येक रेघ तिला विचारून मारली. कारणाच्या जागी लिहिलं: "वयस्क स्त्रियांना व नऊवारी नेसलेल्या स्त्रियांना चढणे सोपे व्हावे म्हणून." पहिलटकरणीचंही लिहिलं होतं, ते वाचून इंजिनिअर घाबरला, म्हणून पुढे "त्या वेळी पाळणा फिरवला जात नाही, केवळ झुलवला जातो" असं जोडलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि राहू दिलं.

अर्जातल्या सूचनेप्रमाणे नकाशाच्या सर्वात खाली एक ओळ आखायची होती: रचना करणाऱ्याचे नाव. ती पहिल्या नकाशात मी रिकामीच सोडली होती. मी मावशीला विचारलं, कुणी बनवला हा?

"सासऱ्यानं."

मी त्यांचं नाव विचारून लिहिलं. मावशी कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण एकच नाव लिहिलंय हे तिच्या ध्यानात आलं असावं.

"खाली टांगा म्हणून सासूनं सांगितलेलं," ती म्हणाली. "ती पायानं अधू होती. तिला चढता येईना. सासऱ्यानं आधी तिच्यापुरता केला, मग बाया मागायला लागल्या. तिचं बी लिवा."

ओळ अरुंद होती. सासऱ्याच्या नावाशेजारी जागा उरली नव्हती, म्हणून सासूचं नाव मी वरच्या बाजूला, बारीक अक्षरात लिहिलं. इंजिनिअर म्हणाला, रचनाकार एकच लिहायची पद्धत आहे. मी म्हटलं, इथे दोघं होती. त्यानं थोडा विचार केला आणि सही केली, या वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी. मग शिक्का काढून मारला. शिक्का जरा तिरपा पडला आणि त्याची कड दोन्ही नावांवर आली. शाई वाळेपर्यंत मावशीनं तो कागद दोन्ही हातांवर आडवा धरून ठेवला, आणि तिचे मुलगे पोती खांद्यावर घेऊन परत आमच्या घराकडे निघाले.