तपकिरी बाटलीतली लवंग

फॅक्टरीत पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. आम्ही तिघी नव्या मुली ओळीने उभ्या होतो. जर्मनीहून आलेले म्हातारे केमिस्ट एकेकीच्या नाकाखाली कागदाची पट्टी धरत होते आणि विचारत होते, कसला वास? पोलंडची मुलगी म्हणाली, दाताच्या डॉक्टरचा. तिच्या शेजारची म्हणाली, हॉस्पिटलचा. माझ्यापर्यंत पट्टी आली आणि मी डोळे मिटून सांगितलं, "लवंग. माझ्या आईच्या मसाल्याच्या डब्यातली." म्हातारबुवा एवढे खूश झाले की त्याच दिवशी मला त्या टेबलावर बसवलं. मी मान वर करून बसले, जणू लवंग आमच्याच घराण्याने शोधून काढली होती.

हैफा शहरात समुद्राच्या बाजूला पत्र्याची एक लांबट शेड होती, तीच आमची फॅक्टरी. साबणवाल्यांना सुवास आणि दातांच्या डॉक्टरांना औषधी तेलं पुरवायचं तिचं काम. मोठ्या पिंपातून लहान बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, बुचं मेणाने बंद करायची, हे आम्हा मुलींकडे. माझ्या बाटल्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे: युजेनॉल. लवंगेच्या तेलातून तो वेगळा काढलेला असतो, आणि लवंगेला लवंगेचा वास येतो तो त्याच्यामुळेच.

केमिस्टांना शिकवायची भारी हौस. ताजा असताना तो वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा असतो, हवा लागली की काळवंडत जातो, म्हणून तपकिरी काच, गळ्यापर्यंत भरलेली, खिडकीपासून लांब. एकदा त्यांनी पाण्याच्या पेल्यात दोन थेंब टाकून दाखवले. मला वाटलं खोबरेलासारखे वर तरंगतील, तर ते गोल गोल होऊन तळाशी जाऊन बसले. पोलंडच्या मुलीचा प्लास्टिकचा कंगवा सांडलेल्या थेंबात रात्रभर पडून राहिला, तर सकाळी त्याचे दात मऊ पडून एकमेकांना चिकटले होते. केमिस्टांनी तो कंगवा चिमट्यात धरून आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "हातमोजे का घालायचे ते कळलं?" कुणाकुणाची कातडी महिनाभर काही म्हणत नाही आणि मग एक दिवस लाल होऊन उठते, डोळ्यांत गेलं तर विचारूच नका, आणि तोंडात तर मुळीच नाही. दातांचे डॉक्टरसुद्धा पांढऱ्या पावडरीत मळूनच तो वापरतात. सगळ्यात मोठा नियम म्हणजे दाराबाहेर थेंबही न्यायचा नाही. नेला तर त्याच दिवशी कामावरून काढणार.

मी मान डोलवायची आणि मनात हसायची. आमच्या कोकणात दाढ दुखली की लवंग धरायची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आजी धरायची, आई धरायची, मीही धरलेली. युरोपातली ही माणसं पाण्याला भितात, उन्हाला भितात, आता लवंगेलाही भितात, असं मी घरी येऊन आईला नक्कल करून दाखवायची. आई पदर तोंडाला लावून हसायची.

घर म्हणजे दोन खोल्या आणि आम्ही दोघी. वडील मुंबईलाच वारले, त्यानंतर आम्ही कोकणातल्या ज्यू मायलेकी बोटीने ज्यूंच्या या नव्या देशात आलो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. वर्षभरात मी केस कापले, स्कर्ट घातला, हिब्रू अशी बोलू लागले की दुकानदार मला इराकची समजायचे आणि मी त्यांची चूक सुधारत नसे. आई होती तशीच राहिली: नऊवारी, कपाळापर्यंत पदर, हातात काचेच्या बांगड्या.

तिची दाढ दुखायला लागली ते सणांनंतर. मुंबईहून आणलेल्या डब्यातल्या शेवटच्या चार लवंगा सणाच्या पुलावात गेल्या होत्या, आणि त्या रेशनच्या दिवसांत दुकानात लवंग मागितली तर दुकानदार आपल्याकडेच टकमका बघायचा. आई गालाला हात लावून म्हणाली, "दोन लवंगा असत्या ना बाय, तर रातोरात ओढून घेतलं असतं दुखणं."

त्याच वेळी मी तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. दवाखाना दोन बसस्टॉपवर होता आणि दातांचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा बसायचा. नेलं नाही, आणि का नेलं नाही ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. आदल्या वर्षी खोकल्यासाठी मी तिला तिथे नेलं होतं. डॉक्टरच्या खोलीच्या दाराशी आईने चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या आणि अनवाणी आत गेली. मोठ्या माणसाच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. बाकावरची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, हिंदी बाई देवळात आली वाटतं. आमच्या फॅक्टरीतली ती पोलंडची मुलगी त्या बाकावर बसलेली होती. मी आईच्या मागोमाग आत गेलेच नाही. खिडकीबाहेर बघत उभी राहिले, जणू मी दुसऱ्याच कुणाबरोबर आले होते. आई आत हातवाऱ्यांनी खोकून दाखवत होती ते मला ऐकू येत होतं.

पुन्हा तिच्याबरोबर त्या बाकावर बसायची माझी तयारी नव्हती. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी आयोडिनच्या रिकाम्या बाटलीत युजेनॉल ओतून घेतला, रुमालात गुंडाळला आणि घरी आणला. वर स्वतःलाच बजावलं की मी आईसाठी केवढी जोखीम घेतली!

आईने बाटलीचं बूच काढलं, वास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगो, ही तर आपली लवंग! ह्या लोकांकडे कुठनं आली?" मी कापसाचा बोळा बुडवून दाढेत बसवला. अर्ध्या तासात दुखणं गेलं. ती उठून कामाला लागली, मला जेवायला वाढलं, गुणगुणलीसुद्धा. मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस हं. ती म्हणाली, माझं तोंड बंदच आहे की, बोळा आहे ना त्यात. आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी ठणका परत आला तेव्हा मी मोठा बोळा केला. तिसऱ्या दिवशी दोन बोळे. मीच सांगत होते, "चांगला भिजव, हिरडीलाही लाव, लवकर बरी होशील." आई म्हणायची चुरचुरतंय. मी म्हणायची, औषध आहे, चुरचुरणारच. आठवडा झाला तेव्हा तिला कालवणात मीठ आहे की नाही ते कळेना. जीभ लाकडासारखी झालीय म्हणाली. मी तिला उजेडात तोंड उघडायला लावलं. दाढेभोवतीची हिरडी पांढरी पडून सोलल्यासारखी दिसत होती. मला ते दिसलं, आणि तरी मी म्हटलं, काही नाही, सायच आहे.

तरीपण मनात पाल चुकचुकलीच. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता मी केमिस्टांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणी नुसताच तोंडात लावला तर काय होतं? लवंग तर आम्ही लहानपणापासून चावतो."

ते हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळले. म्हणाले, "लवंगेत हा थोडासा असतो, बाकी सगळं लाकूड. या बाटलीत बाकी काही नाही. रोज लावला तर मांस जाळतो. आणि त्याहून वाईट म्हणजे तिथलं सगळं बधिर करतो. खाली पू झाला असला, तो हाडात उतरत असला, तरी माणसाला वाटतं आपण बरे होतोय." मग त्यांनी विचारलं, "कुणी लावलाय का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी कदाचित स्वतः चिठ्ठी लिहून दिली असती, कदाचित दुपारीच मला घरी पाठवलं असतं. पण मला दाराबाहेरचा नियम आठवला. माझ्या पगारावर आमचं घर चालत होतं, तेही आठवलं. "नाही हो," मी म्हणाले, "असंच विचारलं." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि काम उचललं.

घरी येऊन मी बाटली मोरीत ओतली. आईला म्हटलं, आता पुरे, उद्यापरवा जाऊ डॉक्टरकडे. उद्या म्हणजे शुक्रवार होता, दुपारीच सगळं बंद. परवा शब्बाथ, सुट्टीचा वार. नंतरच्या दिवशी मी म्हटलं, आज कामावर गेलंच पाहिजे. असे मी तीन दिवस घालवले. औषध थांबल्यावर तिला खरं दुखणं कळलं असणार, पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चौथ्या दिवशी सकाळी तिचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता, अंग तापलं होतं, आणि तोंडात चमचा जाईल एवढाही जबडा उघडत नव्हता. मी घाबरून रडायला लागले. आईनेच पदर खोचला आणि दाराकडे चालू लागली.

दवाखान्यात तीच बाकं, तशीच माणसं. या वेळी दाराशी आईने चपला काढल्या नाहीत. ते माझ्या लक्षात आलं आणि कुठेतरी बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

दातांचा डॉक्टर तरुण होता आणि खूप थकलेला. त्याने आईचा जबडा बोटांनी हळूहळू उघडवला, आत दिवा धरला. मग वास घेतला. इतक्या दिवसांनीही वास होता. माझ्याकडे वळून त्याने हिब्रूत विचारलं, "हे जाळलंय. शुद्ध युजेनॉल लावलाय इथे, रोज. दाढेत लवंग धरून असं होत नाही. हा कुठून आला? कुणी लावला?"

त्याने फॅक्टरीचं नाव विचारलं असतं तर? आमच्या फॅक्टरीची बाटली त्याच्याच टेबलावर होती, माझ्याच हाताने चिकटवलेल्या चिठ्ठीची. मी त्याला हिब्रूत सांगितलं, "तिनेच लावला. भारतातून आणलेलं काहीतरी होतं तिच्याकडे. त्या बायकांचे असेच उपाय असतात. मी नको म्हणत होते, पण ती माझं ऐकत नाही."

मराठीत हे मला बोलता आलं नसतं. हिब्रूत आलं, कारण ती भाषा आईला येत नाही असं मी धरून चालले होते. घरी मी तिच्याशी कधी हिब्रू बोललेच नव्हते. पण शेजारची रुमानियाची बाई आणि आई रोज सकाळी एकाच दोरीवर कपडे वाळत घालत, एकमेकींची मुलं, दुखणी, रेशन यांबद्दल बोलत. कोणत्या भाषेत बोलत असतील, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

डॉक्टरने मान हलवली. मग आईकडे वाकून, मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून, त्याने तिलाच विचारलं, "बाई, हे तुम्हाला कुणी लावलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट येत नव्हते, तरी दोन्ही कळले. "अनी," ती म्हणाली. "लेवाद." म्हणजे मी. एकटीने.

डॉक्टर तिला रागावला. शिकलेली मुलगी घरात असताना असला अडाणीपणा कशाला, म्हणाला. आणखी एक दिवस गेला असता तर सूज गळ्यात उतरली असती आणि श्वास अडला असता, असंही म्हणाला. आई ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मी तिच्या शेजारी उभी होते. तेव्हाही एक वाक्य बोलून मला सगळं खरं करता आलं असतं. मी आईची पिशवी घट्ट धरून ठेवली.

त्याने गळू फोडलं, दाढ काढली, शेजारचीही काढली, पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं आणि रोज यायला सांगितलं. आई हूं की चूं करत नव्हती. फक्त बांगड्या वाजत होत्या.

बाहेर आलो तेव्हा दुपारचं ऊन होतं. फडक्याने बांधलेला जबडा हाताने सावरत ती पायरीवर थांबली. मला वाटलं आता बोलेल, मला काय म्हणायचं ते म्हणेल. मी मान खाली घालून तयार होते. खरं तर तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

तिने रस्त्याच्या टोकाला बसस्टॉपकडे पाहिलं. तिथे गर्दी होती.

"तू हो पुढं," ती फडक्याआडून म्हणाली, अगदी मायेने. "तुझ्या फॅक्टरीतलं कोण असंल तिथं. मी येते मागनं."

म्हणजे तिला सगळं कळत होतं, आणि आज नव्हे, त्या खोकल्याच्या दिवसापासून. तिला ताप होता, तिच्या तोंडात रक्त होतं, आणि ती मला लाज वाटू नये याची सोय करत होती. मी नाही म्हणायला हवं होतं. तिचा हात धरायला हवा होता.

मी पुढे झाले. स्टॉपवर जाऊन तिच्यापासून चार माणसं सोडून उभी राहिले, आणि बस आली तेव्हा तिच्या आधी चढले.