पडद्यावरचा पूल

उमरग्याची ती केस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. निजामी राजवटीची अखेरची वर्षं होती. मी तिथं अमीन, म्हणजे आजचा फौजदार. वय तरुण आणि डोकं कायम तापलेलं.

सरहद्दीवर गडबड होती, पुलांवर पहारे होते. एका सकाळी खबऱ्यानं बातमी आणली: गावातल्या फोटो स्टुडिओचे मागचे पडदे रंगवणाऱ्या म्हाताऱ्याकडं पुलाचा नकाशा आहे. झडती घेतली. एका जुन्या छापील चित्रात खरंच पूल होता. त्यावर पेन्सिलीनं चौकोन आखलेले, प्रत्येकात आकडा. मी खूश! पंचनामा करून म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

"कुठला पूल हा?"

"न्हाय ठावं, साहेब. परदेशातलं कुठलंतरी शहर हाय. रद्दीत घावलं. चौकोन पडद्यासाठी आखल्यात, लहान चित्र मोठं करायचं म्हंजी..."

"थापा मारू नका!"

मी जमादाराला दांडकं आणायला सांगितलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हात मागं लपवले. "पाठीवर मारा, साहेब. हातावर नको."

जमादार नोकरीत मुरलेला माणूस, जागचा हलला नाही. "अमीनसाब, आधी काढून तर दाखवू द्या," म्हणत त्यानं म्हाताऱ्यापुढं खडू धरला.

म्हाताऱ्यानं भिंतीवर मोठाले चौकोन आखले आणि चित्रात बघून एकेक भरत गेला. पूल झाला, होड्या झाल्या, मग दिव्याचा खांब. अरे, हा खांब तर माझ्या घरात होता! लग्नानंतर आम्ही त्याच स्टुडिओत फोटो काढला होता. मागच्या पडद्यावरचा खांब नेमका माझ्या टाळूतून उगवलेला. बायको येता-जाता हसायची, "डोक्यावर दिवा आहे, तरी आत उजेड नाही!"

घरून फोटो मागवून भिंतीशी धरला. तोच पूल, तोच खांब. सुटकेचा कागद मीच लिहिला.

जाताना म्हाताऱ्यानं हात जोडले. "तुमचे लई उपकार, साहेब. तुम्ही खडू दिला." मी नुसती मान हलवली. जमादार शेजारीच उभा होता.

त्यानंतर कुणाचीही चौकशी असो, आधी त्याचं काम त्याला करून दाखवायला सांगायचो. निम्मी केस तिथंच उलगडायची.

पुढं एका जाणकाराला फोटो दाखवून ते चित्र कुणाचं, असं विचारलं. तो म्हणाला, शंभर वर्षांपूर्वी देशोदेशीची शहरं चितारत हिंडणारा कुणीतरी, आज त्याला फारसं कुणी ओळखत नाही. बायको आता नाही. तिचा तो एकच फोटो आहे, मागं त्या अनोळखी माणसाचा पूल. त्याचे आणि पडदेवाल्या म्हाताऱ्याचे उपकार मी रोज मानतो. जमादाराचे मात्र त्याच्या तोंडावर कधी मानले नाहीत, आणि तोही केव्हाच गेला. म्हणून आज लिहून ठेवतो. खडू त्यानं दिला होता, मी दांडकं मागितलं होतं.