दोन्हीकाकांची बडीशेपेची डबी

प्रिय मीरा आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही मला एक जुना फोटो दाखवलात. आजोबा, मी, आमच्या मध्ये कानटोपी घातलेला एक उंच माणूस आणि मागे आमच्या फेल्डहोवन गावाबाहेरचं जंगल. "हा मधला कोण?" ईशाननं विचारलं आणि तुमच्या आईनं घाईनं विषय बदलला. आजीला हे विचारायचं नाही, असं तिनं तुम्हांला बजावलेलं दिसतं. पण आजोबांचा उजवा हात असा का, हे तुम्हांला माझ्याकडूनच कळलेलं बरं. हे पत्र आई वाचून दाखवेल. तिला मधली वाक्यं गाळू देऊ नका.

त्या माणसाला आम्ही सगळे दोन्हीकाका म्हणत असू. 'हे की ते' असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. मधुमेहाला गोळी घ्यावी की चालावं? "दोन्ही." गुडघ्याला फिजिओ बरा की तेल? "दोन्ही." आजोबांनी एकदा मुद्दाम विचारलं, "वैद्यबुवा, लाडू बेसनाचा की रव्याचा?" काका क्षणभर गंभीर झाले. "दोन्ही. पण अर्धा अर्धा."

त्यांनी पुण्यात आयुर्वेदाची पदवी घेतली होती. पुढे टिलबर्गला एका संशोधन गटात, मोठे आजार होण्याआधीच कसे रोखावेत यावर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यावर ते आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. संगणकाच्या चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या इथल्या कंपनीतली मराठी इंजिनिअर मुलं-मुली त्यांच्याकडे सल्ल्याला येत. प्रत्येकाला ते आधी सांगत, "मी इथे डॉक्टर नाही, शेजारी आहे. तुमच्या हाउसआर्ट्सनं दिलेली गोळी बंद करायची नाही. तिच्या जोडीला काय करायचं ते मी सांगतो." हाउसआर्ट्स म्हणजे इथला आपल्या घराचा डॉक्टर. या एका वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, यादीशिवाय भाजी न आणणारी बाई. काढे आणि चमत्कार सांगणाऱ्यांना मी दारात उभं केलं नसतं. आजोबांना त्यांच्याकडे मीच घेऊन गेले, हे विसरू नका. मीही विसरलेली नाही.

दीर्घायुष्याबद्दल कुणी मोठं बोलू लागलं की काका त्याला जमिनीवर बसवत. "आता हात न टेकता उठा. शंभरीचं नंतर बघू." त्यांच्या दिवाणखान्यात जीन्स घातलेल्या मुली आणि टकलू मॅनेजर एकमेकांचे खांदे धरून उठताना मी पाहिले आहेत. संध्याकाळी सहाला जेवायचं, हा त्यांचा दुसरा हट्ट. "डच लोकांकडे आयुर्वेद नाही, पण सहाला जेवतात. निम्मं काम तिथेच झालं!" त्यांच्यामुळे मी बूरेनकोल या इथल्या हिरव्या पाल्याची लसूण घालून भाजी करू लागले. तुमची आई ती अजून करते. ती कुठून आली, ते आता तुम्हांला कळलं.

रोज सकाळी सातला आम्ही तिघं जंगलात चालायला जात असू. परतताना काका त्यांच्या दाराशी आजोबांचा रक्तदाब मोजत आणि मी घरी येऊन तो वहीत लिहीत असे. मग खिशातून एक चपटी पितळी डबी निघे आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर भाजलेली बडीशेप पडे. आजोबांना त्यांनी तशीच एक डबी दिली होती. वर्षभरात आजोबांचं वजन उतरलं, झोप सुधारली. ते सगळं खरं होतं. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

मग साथ आली. दुसऱ्या हिवाळ्यात नियम निघाला, की वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनीच बाहेर एकत्र फिरायचं. काका म्हणाले, "वहिनी, या जंगलात आपल्याला मोजायला कोण येतंय?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम," आणि घरी राहिले. ते दोघं दीड मीटरचं अंतर ठेवून चालत. मी खिडकीतून त्यांच्या पाठी बघायची. परत आल्यावर आजोबा रक्तदाबाचा आकडा सांगत, मी तो लिहायची. सात कप्प्यांच्या डबीत त्यांच्या रक्तदाबाच्या आठवडाभराच्या गोळ्या मीच भरायची. रोज एक कप्पा रिकामा होई. सगळं कसं जागच्या जागी होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नाश्त्याला उपमा केला होता. आजोबांच्या हातातला चमचा पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. रुग्णवाहिका लवकर आली. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "रक्तदाबाची गोळी रोज घेतात?" मी ताठ बसून सांगितलं, "रोज. मी स्वतः भरते." त्यांनी तसं लिहून घेतलं.

दुपारी आजोबांचे कपडे न्यायला मी घरी आले. त्यांच्या चालण्याच्या कोटाच्या खिशात ती पितळी डबी होती. उघडली तर वर बडीशेपेचा थर आणि खाली पांढऱ्या गोळ्या. मी त्या टेबलावर ओतल्या आणि मोजल्या. एकतीस होत्या.

मी लगेच हॉस्पिटलला फोन करून डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगितलं. मग काकांना फोन लावला.

"काका, ह्यांनी गोळी कधीपासून सोडली?"

"गोळीनं त्यांचे पाय सुजत होते, वहिनी. हाउसआर्ट्स फोनवरच भेटायचे. आकडे इतके सुंदर येत होते... मी म्हटलं, चाळीस दिवस थांबवून बघू."

"आणि आकडे चढले तेव्हा?"

"थोडेच चढले होते. वाटलं, उतरतील."

"मग माझ्या वहीत जुनेच आकडे का आले?"

"तुम्ही घाबराल म्हणून. मीच त्यांना म्हटलं, वहिनींना सांगू नका." आणि मग ते म्हणाले, "मी इथे डॉक्टर नाही, वहिनी. मी तर नुसता शेजारी."

"शेजाऱ्यानं तरी सांगायचं होतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आजोबांवरही मी रागावले होते. तीन आठवड्यांनी त्यांची जीभ वळू लागली तेव्हा विचारलं, "सोडायचीच होती तर गोळ्या फेकल्या का नाहीत?" ते अडखळत म्हणाले, "औषध आहे गं. टाकवेना." अन्न आणि औषध टाकायचं नाही, हे त्यांच्या आईनं शिकवलं होतं. बायकोपासून लपवायचं नाही, हे शिकवायचं राहून गेलं असावं.

त्यानंतर आठवडाभर काका रोज सकाळी सातला समोरच्या फुटपाथवर येऊन उभे राहत. इथे खिडक्यांना पडदे ओढायची पद्धत नाही. त्या गल्लीत दिवसा पडदा ओढणारी मी एकटीच होते. शेवटच्या दिवशी मात्र मी दार उघडलं. मास्क हनुवटीवर ओढून ते फाटकापलीकडूनच म्हणाले, "जन्मभर दोन्ही म्हणत आलो. एकदाच एक म्हटलं." मी दार लावून घेतलं. महिन्याभरानं ते मुलीकडे बाडहूव्हडॉर्पला राहायला गेले. नंतर त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही.

मी त्यांना माफ केलेलं नाही. वाईट सल्ला दिला म्हणून नव्हे. चूक डॉक्टरांचीही होते. माझ्या हातून, माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत त्यांनी खोटं लिहवून घेतलं. डॉक्टरीणबाईंसमोर मी ताठ बसून खोटी साक्ष दिली आणि मला ते ठाऊकही नव्हतं. ती वही मी फाडली नाही. कपाटात आहे. तुम्हांला हवी तर बघा.

पण त्यांनी शिकवलेलं टाकताही येत नाही. आम्ही सहाला जेवतो. सातला जंगलात जातो. आता मी आजोबांच्या उजव्या बाजूनं चालते, तो हात धरून. निघण्यापूर्वी ते माझ्यासमोर गोळी घेतात आणि पाणी पिऊन, तुम्ही लहानपणी करायचात तसा, तोंडाचा आ करून दाखवतात. परतल्यावर रक्तदाब मीच मोजते आणि मीच लिहिते. मग आजोबा डाव्या हातानं खिशातून ती पितळी डबी काढतात आणि माझ्या तळहातावर चिमूटभर टाकतात.

डबी अजून आहे. तिच्यात फक्त बडीशेप असते.

तुमची,
आजी