आठव्या खाटेवरचा गळा

"माझ्या गळ्यात काही नाही, म्हणून तर या लोकांचं माझ्यावाचून अडतं," असं तो एकदा लाँड्रीत म्हणाला होता. यंत्रांच्या घरघरीत ते निम्म्यांनाच ऐकू गेलं, पण हसले सगळे.

कॅन्सरच्या दवाखान्यात कपडे धुण्याच्या खात्यात त्याला बावीस वर्षं झाली होती. तळघराला खिडकी नव्हती. वरच्या मजल्यांवर काय चाललंय ते त्याला चादरींवरून कळायचं. कुठल्या वॉर्डाचे डाग कसे, कुठल्या अभ्र्यांना केसांचे पुंजके चिकटून येतात, कुठली चादर एका रात्रीत तीनदा बदलली गेली. तो कुणाला काही सांगत नसे. अभ्रा उलटा करायचा, झटकायचा, पाण्यात टाकायचा.

वर्षातून एकदा त्याला वर बोलावणं यायचं. आधीच डॉक्टर झालेली माणसं इथे आणखी दोन वर्षं फक्त कॅन्सर शिकायला येत. त्यांना फेलो म्हणत. शेवटच्या परीक्षेत त्यांच्यासाठी आठ खाटा मांडल्या जात. प्रत्येक खाटेवर एक गळा, प्रत्येक गळ्याला सहा मिनिटं. बोटांनी चाचपायचं आणि गाठ कुठे, कशी, ते सांगायचं. एक जरी गळा चुकला की नापास.

पहिल्या वर्षी परीक्षेच्या सकाळीच आठव्या खाटेवरची बाई गेली. चादर न्यायला हा वर आला होता. परीक्षा घेणाऱ्या मोठ्या सरांनी घड्याळ पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शर्ट काढ आणि पड इथे." त्या दिवशी नऊपैकी चौघांना त्याच्या गळ्यात गाठ सापडली. सर इतके खूश झाले की आठवी खाट कायमची त्याचीच झाली. ज्याला 'काही नाही' म्हणायची छाती होत नाही, तो भीतीपोटी धडधाकट माणसाला कापेल, असं ते म्हणत.

फेलोंनी त्याला नॉर्मल म्हणायला सुरुवात केली आणि सरांचं गुपित लवकरच फुटलं. जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीच्या कानात सांगून जायची: लाँड्रीवाला दिसला की थोडा वेळ हात फिरवा, कपाळाला आठ्या घाला आणि नॉर्मल म्हणा. हे त्यालाही ठाऊक होतं. सर सोडून सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं.

यंदा थंडीत दाढी करताना गळ्याखालच्या हाडाच्या, डाव्या हासळीच्या वरच्या खळगीत त्याचं बोट अडलं. वाटाण्याएवढं काहीतरी. खड्यासारखं कडक. हलवून पाहिलं, हललं नाही. तो गालावरचा साबण वाळेपर्यंत तसाच आरशासमोर उभा राहिला.

मग दोन घासांतच पोट भरायला लागलं. बायकोने खिळा तापवून पट्ट्याला नवं भोक पाडलं, महिन्याभरात आणखी एक.

"अहो, एवढ्या डॉक्टरांत वावरता. दाखवा ना एखाद्याला."

"पुढच्या महिन्यात नऊ जण बघणार आहेत. तेही रांगेत उभं न राहता."

"चेष्टा पुरे झाली."

"चेष्टा कसली? नवांनी नॉर्मल म्हटलं की विषय संपला. मग तू ताटात घालशील ते मुकाट्याने खाईन."

खळगीतल्या खड्याबद्दल तिला माहीत नव्हतं.

चेष्टा नव्हतीच ती. बावीस वर्षं त्या चादरी धुतलेल्या माणसाला स्वतःच्या पायांनी जिना चढून कुणाला विचारायचं धैर्य होत नव्हतं. परीक्षा आपणहून येणार होती. शिकलेल्या माणसांची नव्वद बोटं त्या जागेवरून फिरणार होती. त्यांना काही सापडलं नाही, तर ते नसेलच.

परीक्षेच्या सकाळी तो उघड्या अंगाने खाटेवर पडला. पायाशी सर कागद घेऊन बसले. पहिल्याचे हात गार होते. दुसऱ्याला घाई होती. तिसरा हात फिरवता फिरवता म्हणाला, "काय नॉर्मल, वाळलात जरा?"

"यंत्रात आटलो, डॉक्टर."

"नॉर्मल, सर."

सरांच्या पेनाने बरोबरची खूण केली की त्याच्या छातीवरचं थोडं ओझं उतरायचं. पाचव्यानंतर त्याला चक्क भूक लागली.

सहाव्याची बोटं खळगीत आली आणि थांबली. पुढे गेली, परत आली, दाबून पाहिलं. त्याने डोळे उघडले. डॉक्टर त्याच्याकडेच बघत होता. मग डॉक्टरने बोटं कोटाला पुसली.

"नॉर्मल, सर."

सरांनी खूण केली.

भूक मेली. त्याला कळून चुकलं की आधीच्या पाचांनीही त्याचा गळा पाहिलाच नव्हता. ते उत्तर बरोबर घेऊन आले होते आणि त्याच्या अंगावर ठेवून गेले होते. सातवाही तसाच ठेवून गेला.

त्यानंतर आली ती गेल्या वर्षी नापास झालेली मुलगी. दुसऱ्या एका खाटेवर असलेली गाठ तिला सापडली नव्हती. ही तिची शेवटची संधी होती, तळघरापर्यंत ही बातमी पोहोचली होती. तिने तळहात एकमेकांवर घासून गरम केले.

"काका, आवंढा गिळा. आता मान जरा डावीकडे. दुखलं तर सांगा."

कित्येक वर्षांत त्याला आवंढा गिळायला कुणी सांगितलं नव्हतं. सहा मिनिटं संपत आली तरी तिचं बोट खळगीतच होतं.

"डावीकडे हासळीच्या वर गाठ आहे, सर. कडक आहे, हलत नाही. तिथल्या अशा गाठीचं मूळ पोटात असू शकतं, पोट तपासावं लागेल."

सरांनी चष्मा वर केला. "गेल्या वर्षी असलेली सापडली नाही, यंदा नसलेली सापडली. घाबरून हात लावला की हे असं होतं." त्यांनी फुली मारली.

"सर, एकदा बघा ना."

"तू शाळेत होतीस तेव्हापासून मी हा गळा ओळखतो. सांग रे नॉर्मल, आहे का काही?"

सर हसत होते. त्यानेही नुसतं हसायचं होतं. 'नाही' जिभेच्या टोकावर आलंच होतं. ती नापास होऊन जाईल, तो नॉर्मल म्हणून घरी जाईल, जेवायला बसेल. सात डॉक्टरांची साक्ष होती. पण त्याच्या गळ्याकडे बघून खरं बोलणारी ही एकटीच होती, आणि हात काढून घ्यायचं विसरून ती तशीच उभी होती.

"आहे, सर," तो म्हणाला. "थंडीपासून आहे."

सर उठले. त्यांची बोटं नेमकी तिथेच गेली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. नातेवाईक लिफ्टमध्ये त्यांना गाठून विचारत, तेव्हाचा तो चेहरा. चादरींच्या ढकलगाडीमागे उभा राहून त्याने तो पुष्कळदा पाहिला होता.

"भूक लागते का तुम्हाला?"

"नाही."

"वजन?"

"उतरलंय."

"आणि एवढे दिवस सांगितलं नाहीत?"

"तुम्ही सगळे बघणारच होतात."

सर खाली बसले. कागदावरच्या सात खुणांवरून त्यांनी पेन फिरवत नेलं. कुठेच टेकवलं नाही. सहाव्याबद्दल तो काही बोलला नाही. शेवटी सरांनी आठवी फुली खोडली, बाजूला बरोबरची खूण केली आणि दुसऱ्या कागदावर लिहायला घेतलं.

"उद्या सकाळी सुई घालून बघू. मग पोटाचा स्कॅन. आजच नाव नोंदवा. घरच्यांना घेऊन या."

मुलगी पास झाली होती. ते पास होणं कुठे ठेवावं, हे तिला कळत नव्हतं. तिने हात पाठीमागे घेतले.

"काका," ती म्हणाली, "मला वाटत होतं, माझं चुकावं."

तो उठून बसला. शर्ट घातला, चपला सरकवल्या, सरांच्या हातातून कागद घेतला. दाराबाहेर नववा फेलो हात पुसत ताटकळत होता. त्याच्या बाजूने वाट काढत तो निघून गेला.