सिकलचा बाप

मला पाहायला आलेल्या मामाजींनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, चहाला हात लावण्याआधीच सांगून टाकलं, "माह्या पोट्ट्याच्या रक्तात अर्धा सिकल आहे. पोरीचं रक्त तपासा, मंग पुढं बोलू." माझे बाबा गोंधळलेच. मुलाकडचे लोक मुलीत खोट शोधतात. हा माणूस आपल्याच मुलाची सांगत होता.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. मामाजी रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात फिटर होते. माझं रक्त निर्दोष निघालं आणि मी त्या घरात आले. तिथे भिंतीवर सुजाताचा, माझ्या नणंदेचा फोटो होता. तिला आईबाप दोघांकडून सिकल, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार, आला होता; एकाकडूनच आला तर माणूस 'अर्धा', त्याला सहसा त्रास होत नाही. दुखणं उठलं की हातपाय धरून रडायची. शेजारी म्हणायचे, नजर लागली. ती गेली, तेव्हा डॉक्टरांनी मामाजींना समजावलं. हिमोग्लोबिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात सहाव्या जागी एकाऐवजी दुसरंच आम्ल बसतं, व्हॅलिन नावाचं. मग गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि नसांत अडकते.

व्हॅलिनबद्दल मामाजी वैऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत. "एवढासा तो, दिसत बी नाही. माही पोट्टी घेऊन गेला." सासूबाईंना कोणी 'तुझ्याच माहेरचं' म्हणालं, की मामाजी लगेच अडवत, "अर्धं माहं बी आहे."

पुढे बीरगांवच्या नात्यात प्रतिभाचं लग्न ठरलं. दोन्ही घरांत सिकलचे रोगी होऊन गेलेले, पण तपासायला कोणी तयार नव्हतं. मामाजी समजवायला गेले. प्रतिभाची आई म्हणाली, "तुमची पोट्टी मेली, म्हणून आमच्या दारी अपशकुन काहून करता, भाऊ?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

रविवारी विहारात वंदना संपली आणि मामाजी उभे राहिले. चारचौघांत ते कधीच बोलले नव्हते.

"मी सिकलचा बाप आहो. त्याची लाज मले वाटत नाही. तेव्हा मले माहीत नव्हतं, याचं दुःख आहे. तुम्हाले तर माहीत होऊ शकते."

मग बायकांमधून प्रतिभा उठली. "मैं टेस्ट कराऊँगी, काकाजी."

ती आणि तिचा होणारा नवरा, दोघंही अर्धे निघाले. "आता मोडावं लागेल?" तिने रडत विचारलं.

"मी कोण मोडणारा? माहीत झालं, आता तुम्ही दोघं ठरवा. पण दिवस राहिले का पहिले डॉक्टरले सांगजो."

त्यांनी विचार करून लग्न केलं, वेळेवर तपासण्या केल्या. त्यांच्या मुलीला आजार नाही.

मामाजी गेले, तेव्हा पुण्यानुमोदनाला, त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, विहारात भाषणं कमी झाली. रक्त तपासणीचं टेबल मात्र लागलं. रांग रस्त्यापर्यंत गेली. प्रतिभाची आई घाबरलेल्या बायकांना हाताला धरून आणत होती. "या ना बाई, मी बी देल्लं."

या घरची सून मी आहे, हे त्या दिवशी मी रांगेतल्या कितीतरी जणींना, कोणी न विचारताच सांगितलं.