साच्याची पाठ

गॅसवर चहाला उकळी येत होती आणि ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून नवरा-बायकोची रोजची जुंपली होती. तेवढ्यात दार वाजलं. बाहेर तिचा धाकटा भाऊ, फाउंड्रीतला सुपरवायझर. हातात फडक्यात गुंडाळलेला बिडाचा तुकडा.

"दाजी, बघा तुमचा प्रताप."

पंपाच्या बॉडीचा तुकडा होता तो. आत फोड फुटल्यासारखी भोकंच भोकं.

दाजी तिथले सगळ्यांत जुने मोल्डर, वाळूचे साचे भरणारे. त्यांच्या साच्यावर सुरकुती शोधून सापडायची नाही, म्हणून कामावर सगळे त्यांना 'इस्त्रीवाले' म्हणत. वाळू ठोकून बसवली, की साच्याच्या पाठीत ते तारेनं टोचे मारत. वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला की वाळूतली वाफ उठते, ती त्या वाटांनी बाहेर पडते. वाट मिळाली नाही, तर धातूतच घर करून बसते.

"वाळू ओली असेल," दाजी म्हणाले.

"वाळू सगळ्यांना एकच. भोकं तेवढी तुमच्या मालाला. आजही असंच निघालं, तर मालक तुम्हाला घासकामावर बसवणार आहेत."

"म्हणजे ह्यांनी आता दुसऱ्यांचा माल घासायचा? वा रे भाऊ!" बहीण कडाडली. "चहा घे आधी, मग बाकीचं ओक."

कामावर गेल्यावर दाजींनी साचा भरला, टोचे मारले आणि सवयीनं पाठीवरून थापी फिरवली. इस्त्री नको का? मग ते थांबले. डोळे बारीक केले. पाठ आरशासारखी. तिच्यावरून बोटं फिरवली, तर एकही टोचा हाताला लागेना. थापीनं सगळ्यांची तोंडं लिंपून टाकली होती. थापी काय, पूर्वीही फिरायची. पण बुजलेलं तोंड तेव्हा दिसायचं आणि तार पुन्हा आत जायची.

त्यांनी थापी बाजूला ठेवली. चाचपत चाचपत सगळे टोचे नव्यानं मारले, तसेच खडबडीत सोडले. दुपारी रस पडला तेव्हा साच्याच्या पाठीवर जागोजाग निळ्या ज्योती उठल्या; आतला वायू टोच्यांतून बाहेर पडून पेटत होता. माल निवला, फोडून पाहिला. भरीव निघाला.

"वाळू बदललीत ना?" मेहुण्यानं खुशीत विचारलं.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही. मला बारीक दिसत नाही रे हल्ली," दाजी म्हणाले. "माझ्या जागेवर खाली एक दिवा लावून दे. साच्यावर तिरका उजेड पडेल असा. टोचा उघडा की बुजलेला, ते सावलीवरून कळेल."